मतांचा अदमास आणि सातपूरचा मतदार

पंचांगकर्त्यानें यंदा चार आढक पाऊस लिहिला काय किंवा एकच आढक लिहिला काय, ढगांस त्याची वार्ताही नसते. पडावयाचा तितका पाऊस पडतो आणि पंचांग तेवढें खरें किंवा खोटें ठरतें. परंतु लासलगांवच्या बाजारांत उद्यां कांद्याचा भाव उतरणार अशी आवई उठली कीं, ती खरी कीं खोटी हें पाहावयास कोणी थांबत नाहीं. ज्याच्या चाळींत माल आहे तो आजच बाजाराची वाट धरतो, आवक एकाएकीं वाढते आणि भाव खरोखरच उतरतो. भाकितांच्या या दोन जाती आहेत. पहिल्या जातीचें भाकीत घडणाऱ्या गोष्टीच्या बाहेर उभें असतें. दुसऱ्या जातीचें त्या गोष्टींत स्वतःच शिरून बसतें. निवडणुकीपूर्वीं मतदारांस विचारून काढलेला कौल, आणि मत देऊन बाहेर पडणाऱ्यास विचारून काढलेला कौल, हे दोन्ही यांपैकीं कोणत्या जातीचे, हा प्रश्न विद्वानांस आणि कायदेपंडितांस पुष्कळ वर्षें सतावीत आला आहे. तो आम्ही येथें नाशिकच्या, आणि विशेषतः नाशिकच्या पश्चिमेस वसलेल्या सातपूरच्या, अनुभवावर घासून पाहणार आहों.

प्रारंभ एका न झालेल्या मतदानापासून करूं. १९६२ च्या अखेरीस चीनच्या आक्रमणाचा धक्का बसला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवला हें वाक्य महाराष्ट्राच्या तोंडीं बसलें. मंत्र्यास संसदेंत जागा हवी. ती नाशिकनें दिली. १९६३ च्या पोटनिवडणुकींत ते बिनविरोध निवडून आले. याच नाशिकनें अवघ्या सहा वर्षांपूर्वीं, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत, काँग्रेसला बाजूस सारून दादासाहेब गायकवाड यांस लोकसभेंत पाठविलें होतें. तेव्हां हा मतदारसंघ कोणा एका पक्षाच्या खिशांत होता असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु १९६३ सालीं निकाल इतका आधीं ठरून गेला कीं, मतपेट्या बाहेर काढण्याचेंच कारण उरलें नाहीं. यांत कोणावर अन्याय झाला असें आमचें म्हणणें नाहीं. तो प्रसंगच तसा होता. त्यांतून आम्हांस एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, निकालाची खात्री जसजशी वाढते तसतशी मतदानाचे कष्ट घेण्याची तयारी कमी होते, आणि खात्री पूर्ण झाली म्हणजे प्रतिस्पर्धी उभा राहत नाहीं व मतदारासही घराबाहेर पडावें लागत नाहीं. १९६३ चें उदाहरण हें या गोष्टीचें शेवटचें टोंक झालें. प्रत्यक्षांत बहुतेक निवडणुका या टोंकाच्या अलीकडे कोठें तरी असतात, आणि अदमासाचें काम चालतें तें त्या मधल्या प्रदेशांत.

त्र्यंबकच्या वाटेवरचें सातपूर हें त्या काळीं एक खेडें होतें. १९६२ सालींच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढच्या कांहीं वर्षांत सातपूरच्या शेतजमिनीवर कारखान्यांची वसाहत उठली. मायको, महिंद्र, सिएट हीं नांवें घरोघर झालीं. खानदेशांतून, मराठवाड्यांतून, नाशिक जिल्ह्याच्याच कोरडवाहू तालुक्यांतून आणि मागाहून उत्तर प्रदेश व बिहार येथूनही माणसें आलीं; पाळ्यांनीं काम करूं लागलीं; चाळींत, कामगारांच्या वसाहतींत आणि पुढें हप्त्यांवर घेतलेल्या दोन खोल्यांच्या घरांत राहूं लागलीं. सातपूरची नगरपालिका १९८२ सालीं नाशिक महानगरपालिकेंत विलीन झाली. २००८ च्या पुनर्रचनेंत सातपूर आणि सिडकोची वस्ती मिळून नाशिक पश्चिम हा विधानसभेचा मतदारसंघ बनला.

अशा वस्तींत मत देण्यास कांहीं किंमत पडते, ही गोष्ट आमच्या सुखवस्तु वाचकांच्या ध्यानीं चटकन् येणार नाहीं. कचेरींतल्या माणसास मतदानाची सुट्टी म्हणजे एक मोकळा दिवस. कारखान्यांतल्या कामगारासही १९९६ पासून कायद्यानें भरपगारी सुट्टीचा हक्क दिलेला आहे. पण जो कंत्राटदाराकडे रोजावर आहे, किंवा ज्याची आदल्या दिवशींची रात्रपाळी पहांटेपर्यंत चालली आहे, त्याच्या हातीं तो हक्क पुरता पडतोच असें नाहीं. आणि ज्याचें नांव अजून धुळ्याकडच्या किंवा बीडकडच्या एखाद्या गांवच्या यादींत राहिलें आहे, त्यास एका मतासाठीं एसटीचें भाडें आणि दोन दिवस मोडावे लागतात. ‘माझ्या एका मतानें काय होणार आहे?’ हा प्रश्न तत्त्ववेत्त्यास आरामखुर्चींत पडून सोडवितां येतो. सातपूरचा कामगार तो भाड्याच्या पैशांत मोजतो. त्यास जर कोणी खात्रीनें सांगितलें कीं अमुक पक्ष येणारच आहे, तर तो जावो अगर राहो, हिशेब त्याच्या दृष्टीनें मिटलेला असतो.

मतांच्या अदमासाविषयीं सामान्यतः जी टीका होते ती निराळ्या मुद्द्यावर होते. लोक वारा पाहून पाठ देतात. जो जिंकणार असें ऐकतात त्याच्यामागें धांवतात. तेव्हां असले कौल छापणें म्हणजे भोळ्या मतदाराची दिशाभूल करणें होय, असा हा आक्षेप आहे. त्याच्या उलट, हरणाऱ्याविषयीं कणव येऊन मतें त्याच्याकडे वळतात असेंही कांहीं लोक सांगतात. हर्बर्ट सायमन या अमेरिकन पंडितानें १९५४ सालीं एका निबंधांत या दोन्ही वृत्ती गणितांत मांडून दाखविल्या आणि मतदारांच्या प्रतिक्रियेचा हिशेब आधींच धरून खरें ठरणारें भाकीत करणें तत्त्वतः शक्य आहे, असें सिद्ध केलें. गणित म्हणून तें सुंदर आहे. परंतु आमच्या मतें अदमासाचा मोठा परिणाम मनावर होत नसून पायांवर होतो. ज्याचें मन ठरलें आहे तो दूरचित्रवाणीवरचा आंकडा पाहून सहसा पक्ष बदलीत नाहीं. मात्र तो घरीं बसूं शकतो, किंवा उलट घाईनें बाहेर पडूं शकतो. दुसरी एक गोष्ट आहे. ज्याच्या मनांत दोन उमेदवार सारखेच बसले आहेत, तो ज्याची आशा आहे त्यास मत देतो. तें वाऱ्यामागें धांवणें नव्हे, आपलें मत फुकट जाऊं नये याची ती काळजी आहे. सातपूरच्या इतिहासांत या दुसऱ्या गोष्टीचें मोठें ठळक उदाहरण आहे. त्याकडे आम्ही पुढें येऊंच.

मतांच्या अदमासाचें हें शास्त्र अमेरिकेंत जन्मलें आणि तेथेंच दोनदां तोंडघशीं पडलें. १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि पत्रें पाठविलीं, वीस लाखांहून अधिक उत्तरें मिळविलीं आणि लँडन निवडून येणार असें सांगितलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ संस्थानांत विजयी झाला. पत्रें पाठविलीं तीं मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या मालकांच्या याद्या पाहून, आणि मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरीं ना दूरध्वनी ना मोटार असे लोक रूझवेल्टच्या बाजूचे. गॅलप यानें थोड्याच माणसांस पण नीट निवडून विचारलें आणि तो खरा ठरला. बारा वर्षांनीं, १९४८ सालीं, गॅलपही चुकला. ड्यूई जिंकणार हें सर्वांनीं इतकें धरून चाललें कीं, शेवटच्या दिवसांत विचारपूसच बंद पडली. शिकागोच्या एका पत्रानें तर ड्यूईच्या विजयाचा मथळा छापूनही टाकला. निवडून आला ट्रूमन. रिपब्लिकन पक्षाचे पुष्कळ मतदार विजय पदरांत पडला असें समजून घरींच राहिले, अशी तक्रार त्या पक्षांत पुढें बराच काळ ऐकूं येत असे. त्या वर्षीं मतदान १९४० च्या मानानें बरेंच कमी झालें एवढें खरें. परंतु त्या तक्रारीचें वजन तेवढ्यावरून ठरत नाहीं. पराजितांस कारण हवें असतें, आणि आपलीं माणसें आळसावलीं हें कारण त्यांतल्या त्यांत सोसण्याजोगें असतें.

याहून बोलकें उदाहरण १९८० चें आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील घड्याळांत तीन तासांचें अंतर. पूर्वेस रात्रीचे सव्वाआठ वाजले असतां एका दूरचित्रवाणी संस्थेनें रेगन निवडून आला असें जाहीर केलें. दहा वाजण्याच्या आंत खुद्द कार्टरनें पराभव मान्य केला. कॅलिफोर्नियांत त्या वेळीं संध्याकाळचे सात वाजावयाचे होते आणि मतदानाचा तासाहून अधिक वेळ शिल्लक होता. रांगेंतून लोक निघून गेल्याच्या वार्ता छापून आल्या. राष्ट्राध्यक्षाच्या निकालावर त्याचा परिणाम होण्याचें कारणच नव्हतें. परंतु त्याच मतपत्रिकेवर प्रतिनिधिगृहाचे आणि स्थानिक अधिकाऱ्यांचे उमेदवार होते, आणि कॅलिफोर्नियांतील जेम्स कॉर्मन हा वीस वर्षें निवडून येणारा सभासद त्या दिवशीं आठशेंहून कमी मतांनीं पडला. वरच्या निकालाची वार्ता खालच्या निकालावर कोसळते ती अशी. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. महानगरपालिकेच्या प्रभागांची गोष्ट आली म्हणजे तिचा उपयोग होईल.

कोणी म्हणेल, हे सारे तर्क झाले. प्रयोग कोठें आहे? सुदैवानें फ्रान्सच्या कायद्यानें तो नकळत करून दिला आहे. ग्वादलूप, मार्तिनिक, फ्रेंच गियाना हे अटलांटिकपलीकडचे फ्रेंच प्रदेश पॅरिसच्याच रविवारीं मतदान करीत, आणि घड्याळाच्या फरकामुळें त्यांच्याकडे मतदान चालू असतांच पॅरिसचा कौल त्यांच्या कानीं येई. राष्ट्राध्यक्ष कोण हें कळलेलें, आणि मत मात्र अजून द्यावयाचें! पुढें कायद्यानें या प्रदेशांचें मतदान एक दिवस आधीं, शनिवारीं, ठेवण्यांत आलें. त्याच्या आधींच्या आणि नंतरच्या निवडणुका ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांस असें आढळलें कीं, कौल आधीं कळल्यामुळें मतदान शंभरांत सुमारें ११ नीं घटत असे. आणि जे मत देण्यास जात त्यांच्यांत जिंकणाऱ्याकडे झुकणारे अधिक असत. म्हणजे पाय आणि मन या दोहोंवर परिणाम. परंतु पायांवरचा हा आंकडा पाहून आम्हांसही विस्मय वाटला. स्वित्झर्लंडमधील सार्वमतांचा अभ्यास नाण्याची दुसरी बाजू दाखवितो. तेथें ज्या वेळीं कौल चुरशीचा निघाला त्या वेळीं मतदान वाढलें, आणि ज्या प्रांतांतल्या वृत्तपत्रांनीं तो कौल अधिक छापला तेथें अधिक वाढलें.

आतां आपल्याकडे वळूं. हिंदुस्थानांत लोकमताची शास्त्रीय पाहणी १९५० नंतरच्या दशकांत एरिक द कोस्टा यांनीं आरंभिली. १९६३ सालीं रजनी कोठारी यांनीं दिल्लीस स्थापिलेल्या अभ्यासकेंद्रानें ती विद्यापीठीय शिस्तीनें पुढें चालविली. आणि १९८० नंतर प्रणय रॉय, अशोक लाहिरी व इंग्लंडचे डेव्हिड बटलर यांनीं मतांचे जागांत रूपांतर कसें होतें याचा हिशेब सामान्य वाचकापर्यंत आणिला. हा हिशेबच येथें अवघड आहे. एका पक्षास राज्यांत शंभरांपैकीं किती मतें पडतील हें हजार-दोन हजार माणसांस नीट विचारून तीन टक्के इकडेतिकडे सांगतां येतें. परंतु मतें किती हें विचारण्यास कोणी दूरचित्रवाणीपुढें बसत नाहीं. जागा किती हें ऐकावयाचें असतें. महाराष्ट्रांत विधानसभेच्या जागा २८८. दहा हजार माणसांस विचारलें तरी एका मतदारसंघाच्या वांट्यास पस्तीस माणसें येतात, आणि त्यांतून नाशिक पश्चिमचा, त्यांतूनही सातपूरचा, कल काढावयाचा म्हणजे एका भाताच्या शितावरून शेजारच्या घरच्या भाताची परीक्षा करण्यासारखें आहे. प्रत्यक्षांत तसें कोणी करीतही नाहीं. राज्यभराचा कल काढून तो मागच्या निवडणुकीच्या आंकड्यांवर चढवितात आणि जागा मोजतात. सातपूरच्या मतदारास त्याच्या मतदारसंघाविषयीं जें सांगितलें जातें तें त्यास विचारून सांगितलेलें नसतें, ही गोष्ट त्यास कोणीं स्पष्ट करून सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

या पद्धतीचीं फळें सर्वांनीं पाहिलीं आहेत. २००४ सालीं वाजपेयींच्या आघाडीस बहुमत मिळणार असें बहुतेक पाहण्यांनीं सांगितलें. ती दोनशेंच्याही खालीं राहिली, आणि काँग्रेस १४५ व भारतीय जनता पक्ष १३८ असा निकाल लागला. २०२४ च्या १ जूनच्या संध्याकाळीं बहुतेक संस्थांनीं सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेंच्या वर आणि कांहींनीं चारशेंच्या जवळ नेऊन बसविलें. तीन दिवसांनीं आंकडा निघाला २९३. शेवटचा अदमास मतदान संपल्यावर आल्यामुळें त्यानें कोणाचे पाय अडविले नाहींत. परंतु चारशेंची घोषणा त्याच्या कितीतरी आधींपासून गाजत होती, आणि घोषणा व अदमास यांतला भेद चहाच्या टपरीवर फारसा राहत नाहीं.

येथपर्यंत आलों असतां आमचा मुख्य मुद्दा सांगावयास हरकत नाहीं. सातपूरसारख्या ठिकाणीं खरा अदमास पाहणीवाला देत नाहीं; मागची निवडणूक देते. तोच एक कौल असा असतो कीं त्यांत प्रत्येकास विचारलेलें असतें. आणि तो जेव्हां ताजा असतो, म्हणजे लोकसभेची निवडणूक होऊन पांच-सहा महिन्यांत विधानसभेची येते, तेव्हां त्याचा प्रताप पाहण्यासारखा असतो.

२००९ चें वर्ष घ्या. राज ठाकरे यांची महाराष्ट्र नवनिर्माण सेना तेव्हां तीन वर्षांची होती. नव्या पक्षाविषयीं लोकांस आस्था असली तरी मत देतांना हात आंखडतो. हा येणार नाहीं, मग मत वायां कशाला घालवा? मे महिन्यांत लोकसभेचा निकाल लागला. नाशिकची जागा राष्ट्रवादी काँग्रेसचे समीर भुजबळ यांनीं जिंकली. पण मनसेचे हेमंत गोडसे दुसरे आले, सुमारें २२ हजार मतांनीं मागें, आणि शिवसेनेचा उमेदवार तिसरा गेला. सामान्य वाचकास हा एक पराभव दिसतो. सातपूर-सिडकोच्या मतदारास मात्र त्यांत एक वार्ता होती: भुजबळांस हरवूं शकेल असा पक्ष कोणता, तर हा. ही वार्ता कोणा पाहणीवाल्यानें दिली नव्हती, तिच्यांत तीन टक्क्यांची चूक नव्हती, आणि तिच्यावर कोणी कायद्यानें बंदीही घालूं शकत नव्हतें. १३ ऑक्टोबरला विधानसभेचें मतदान झालें. नाशिक मध्यमधून वसंत गीते, नाशिक पूर्वेंतून उत्तमराव ढिकले आणि नाशिक पश्चिमेंतून नितीन भोसले असे शहरांतले तीनही मनसेचे उमेदवार निवडून आले. साऱ्या महाराष्ट्रांत त्या पक्षास १३ जागा मिळाल्या, त्यांतल्या तीन या एका शहरांत. २०१२ सालीं महानगरपालिकेच्या १२२ जागांपैकीं ४० मिळवून तोच पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि महापौर त्याचा झाला.

आतां हाच रथ उलटा फिरतांना पाहा. २०१४ च्या मे महिन्यांत गोडसे शिवसेनेच्या बाजूनें उभे राहिले आणि छगन भुजबळ यांच्यावर सुमारें १ लक्ष ८७ हजार मतांनीं विजयी झाले. मनसेचा उमेदवार फारच मागें राहिला. पांच वर्षांपूर्वीं ज्या आंकड्यानें हा पक्ष जिंकूं शकतो असें सांगितलें होतें, त्याच जातीच्या आंकड्यानें आतां त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. ऑक्टोबरांत नाशिकच्या तीनही जागा गेल्या. नाशिक पश्चिमेंत भारतीय जनता पक्षाच्या सीमा हिरे निवडून आल्या. आणि राज्यभरांत मनसेजवळ एकच जागा उरली. २०१७ सालीं महानगरपालिकेंत ४० चे ५ झाले आणि भारतीय जनता पक्षाचे ६६ आले. मधल्या काळांत मनसेच्या कारभाराविषयीं लोकांचें मत बदललें, देशभर मोदींची लाट आली, माणसें पक्ष सोडून गेलीं, हें सारें खरें. आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु मतें हळूहळू ओसरत नाहींत, एकदम फुटतात. पाटाचें पाणी एका बाजूस वळूं लागलें म्हणजे दुसऱ्या बाजूचा वाफा जसा बघतां बघतां कोरडा पडतो, तसें येथें झालें. नुसत्या नाराजीनें इतका वेग येत नाहीं. इतरेजनही सोडून चालले आहेत ही वार्ता त्यास लागते.

येथें एक शंका घेण्यासारखी आहे. २०२४ सालीं तर ताज्या निकालानें उलटाच परिणाम केला! जूनमध्यें महाराष्ट्रांतील ४८ जागांपैकीं ३० महाविकास आघाडीनें जिंकल्या. नाशिकची जागाही राजाभाऊ वाजे यांच्या रूपानें तिच्याकडे गेली. मग वाऱ्याचा न्याय खरा असता तर नोव्हेंबरांत तीच आघाडी यावयास हवी होती. आली महायुति, आणि तीही २८८ पैकीं २३० जागा घेऊन. नाशिक पश्चिमेंत सीमा हिरे तिसऱ्यांदां निवडून आल्या. जिंकलेली बाजू निर्धास्त राहिली आणि हरलेली चेवानें उठली, असें स्पष्टीकरण त्या वेळीं पुष्कळांनीं दिलें. राज्यांतलें मतदान लोकसभेच्या वेळीं शंभरांत सुमारें ६१ होतें, तें विधानसभेस सुमारें ६६ झालें, हा आंकडा त्या स्पष्टीकरणाच्या बाजूचा दिसतो. जूनचा पराभव हाच महायुतीच्या मतदारास बाहेर काढणारा कौल ठरला असें त्यावरून म्हणतां येईल. पण ऑगस्ट महिन्यापासून स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा १५०० रुपये जमा होऊं लागले होते, आणि त्याचें वजन निर्धास्तपणाच्या वजनापेक्षां कमी मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. शिवाय २००९ सालीं जी वार्ता मिळाली ती नवी होती. हा पक्ष जिंकूं शकतो कीं नाहीं, हें लोकांस तोंवर ठाऊकच नव्हतें. २०२४ सालीं दोन्ही बाजू जिंकूं शकतात हें सर्वांस आधींच ठाऊक होतें. वार्तेंत नवें कांहीं नसेल तर ती मत वळवीत नाहीं. चुरस आहे एवढें सांगून लोकांस बाहेर मात्र काढते, आणि स्वित्झर्लंडांत तरी याहून निराळें काय झालें?

या साऱ्या प्रकारांत कायदा कोठें आहे? १९९८ सालीं निवडणूक आयोगानें मतदानाच्या दिवसांत अदमास छापण्यावर निर्बंध घालणारे नियम काढले; पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें, कायद्याचा आधार नसतां आयोगास अशी आज्ञा बजावतां येणार नाहीं असा अभिप्राय दिल्यावर ते मागें घ्यावे लागले. मग २००९ च्या दुरुस्तीनें लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १२६-अ हें कलम आलें. पहिल्या टप्प्याचें मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास होईपर्यंत मतदान करून आलेल्यांचा कौल प्रसिद्ध करतां येत नाहीं. केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. मतदानापूर्वींच्या अदमासावर मात्र शेवटच्या ४८ तासांपुरतीच, आणि तीही मुख्यतः दूरचित्रवाणीसारख्या साधनांपुरती, बंदी आहे. २०२४ सालीं पहिला टप्पा १९ एप्रिलला आणि शेवटचा १ जूनला झाला; नाशिकनें मत दिलें २० मे रोजीं, पांचव्या टप्प्यांत. म्हणजे एक महिना देशांत मतें पडत होतीं आणि नाशिककर त्यांच्याविषयीं ऐकत होते. छापील कौल नव्हता. पण आंतल्या गोटांतून आलेला म्हणून सांगितला जाणारा आंकडा होता, सट्टेवाल्यांचा भाव होता, मोबाईलवर फिरणारा बेवारशी तक्ता होता. ज्या आंकड्याखालीं कोणाचें तरी नांव असतें, तो उद्यां खोटा पडला तर त्या माणसाची अब्रू जाते. बंदी पडली त्या आंकड्यावर. ज्याच्याखालीं कोणाचेंच नांव नाहीं तो मोकळा सुटला. आमच्या मतें फ्रान्सच्या अनुभवावरून मतदान चालू असतांना कौलास बंदी असणें योग्यच आहे. परंतु त्या आधींच्या दिवसांत छापणाऱ्यास मुभा असावी. मात्र किती माणसांस, कोठें, कोणत्या दिवशीं आणि कोणाच्या पैशानें विचारलें, हें आंकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापणें त्यास भाग असावें. वजनाच्या कांट्यावर सरकारी शिक्का असल्याशिवाय बाजारांत माल तोलतां येत नाहीं, यास कोणी व्यापारावरची गदा म्हणत नाहीं.

आणखी एका कौलाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. प्रत्येक मतदानकेंद्रावर कोणास किती मतें पडलीं याचा तक्ता निकालानंतर जाहीर होतो. सातपूरच्या कोणत्या शाळेंतल्या कोणत्या खोलींत कोण पुढें होता, हें पुढच्या निवडणुकीच्या वेळीं उमेदवारांच्या माणसांस तोंडपाठ असतें. प्रचाराची गाडी कोणत्या गल्लींत दोनदां जाईल आणि कोणत्या गल्लींत एकदांही नाहीं, हें त्यावरून ठरतें. अनेक केंद्रांचीं मतें एकत्र करून मोजणारें यंत्र वापरावें अशी सूचना निवडणूक आयोगानें २००८ सालीं केली होती, पण ती अंमलांत आली नाहीं. मतदार अदमास वाचून घरीं बसतो हें खरें असलें, तर उमेदवारही अदमास वाचून त्याच्या दारीं जाण्याचें टाळतो हेंही तितकेंच खरें आहे. ज्या वस्तीकडे कोणी मागावयास येत नाहीं तिची मागणी पुढें कोण ऐकणार? पाण्याच्या वेळा, कारखान्यांचें सांडपाणी, पावसाळ्यांत तुंबणारे रस्ते या गोष्टींचा निर्णय त्या दोनचारशें मतांच्या अंतरावर होत असतो.

हें अंतर प्रभागांत सर्वांत लहान असतें, आणि तेथेंच अदमास सर्वांत कच्चा असतो. एका प्रभागाकरितां शास्त्रीय पाहणी कोण करील? २०१७ सालीं नाशिकांत ३१ प्रभाग होते, बहुतेक चार-चार सभासदांचे. एकेका मतदारास चार मतें द्यावयाचीं. चौघांपैकीं एका नांवाची हवा उठली कीं ‘पॅनेल चालतें आहे’ म्हणून उरलेलीं तीन मतेंही त्याच चिन्हाच्या ओळीनें पडतात, आणि चौथ्या जागेवरचा एखादा कामाचा मनुष्य वरच्याच्या हवेंत उडून जातो. कॉर्मनची गोष्ट इकडे अशी घडते. त्या महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली. नंतर जवळजवळ चार वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला, आणि पुढचें मतदान २०२६ च्या जानेवारींत झालें. मागची निवडणूक हाच सातपूरचा खरा कौल असें आम्हीं वर म्हटलें. तो कौल या वेळीं नऊ वर्षांचा शिळा होता. दरम्यान २०२२ सालीं शिवसेनेचे आणि २०२३ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे दोन-दोन भाग झाले होते, याद्यांत हजारों नवीं नांवें चढलीं होतीं, आणि २०१७ च्या तक्त्यांतल्या शिवसेनेच्या रकान्यांतलीं मतें आतां कोणाच्या नांवावर मांडावयाचीं, हें ते तक्ते जपून ठेवणाऱ्यांसही सांगतां येण्यासारखें नव्हतें.